बिब्यानं लिहिलेल्या पाट्या

हे मी अजून कोनालेच सांगतलं नाही. मायले नाही, दोस्तायले नाही. दोस्तायले तं मी सारंच सांगतो, तिखटमीठ लावून सांगतो — हे मात्र नाही. काहून नाही? थांबा जरा. आधी पाट्यायचं सांगतो, ते सोपं आहे.

तवा मी सातवीत होतो, आता मिशी फुटली. दारव्ह्याच्या आमच्या शाळेमागं गुरुजीनं बाग लावली होती. गुरुजी म्हनजे आमाले शेती शिकवनारे. सीताफळ, निंबू, करवंद, बेहडा — हरेक रोपापुढं नावाची पाटी पायजे, हा त्यायचा हट्ट. आन् पाटी टिकेना. कागद चिकटवला, तो बकऱ्यायनं खाल्ला. दौतीच्या शाईनं लिहिलं, पहिल्याच पान्यात निंबूचं नाव वाहून गेलं. कोळशानं लिहिलेलं हात लागला का गेलं. टिनावर खिळ्यानं कोरलं, तं टिनच गंजून लाल झालं. गुरुजी रोज सकाळी पाट्या पाहत, आन् आमी गुरुजीचं तोंड पाहो.

मले यात खरंच मजा येत होती. उन्हापान्यात अक्षर टिकते तं कायनं टिकते? एक दिवस धोब्याच्या घरी पायलं — कपड्यावरची निशानी कितीक बी धुतली तरी जात नाही. धोबी ती बिब्यानं करते. मीच जाऊन गुरुजीले सांगतलं. एवढं एक साजरं काम माह्या नावावर आहे, म्हनून आधी सांगून घेतलं.

मंग सागाच्या पट्ट्या आल्या. बिबा दिव्यावर गरम करायचा, सुईनं टोचायचा, काळं तेल निघते. त्यात काडी बुडवून लिहायचं, वरून ओला चुना घासायचा. अक्षर असं बसे का नखानं खरडलं तरी निघेना. पन बिबा उतते — आंगाले लागला तं सूज येते, फोड येते. म्हनून गुरुजीचा नियम होता: हाताले खोबऱ्याचं तेल चोपडल्याबिगर बिब्याले शिवायचं नाही.

लिहायचं काम सदाशिवकडं. शिंप्याचा पोट्टा, अक्षर मोत्यासारखं. गुरुजीनं बस म्हनलं तं उठ म्हनेपर्यंत उठनार नाही, असा.

आता माह्यं. मी नकला करो. हेडमास्तरचं खाकरनं, बसच्या कंडक्टरचं वरडनं — आन् गुरुजी तं हुबेहूब. ते नाकात बोलत आन् बोलन्याआधी "काय बाप्पा" म्हनत. पोट्टे पोट धरून हासत. पन हासनं येगळं. नकलेनं कोनी खरंच फसते का? आन् बिबा — तो खरंच उतते, का मोठे लोकं उगाच भेव दाखवते? धोब्याले तं काही होत नाही. हे मले माह्याच हातावर पाहता आलं असतं. नाही पायलं.

त्या दुपारी सदाशिव बागेत एकटाच लिहून राह्यलता. गुरुजी हापिसात. मी बांबूच्या तट्ट्यामागं उभा राह्यलो आन् नाकात बोललो — "काय बाप्पा सदाशिव, तेलाचा हात कायले? अक्षर फिसकटून राह्यलं. पुसून टाक, कोरड्या हातानं लिही."

"हो गुरुजी," तो म्हने. मान बी वर केली नाही. सदऱ्याले हात पुसले.

मी तिथंच होतो. थांबवता आलं असतं — एक पाटी झाली, दुसरी झाली. त्यानं त्याच हातानं घाम पुसला, डोळे चोळले. मी पाहत राह्यलो, सूज कुठून चालू होते म्हनून. काहीच झालं नाही. मले वाटलं, मोठे लोकं खोटंच सांगते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याचा बाप आला. सदाशिवचे डोळे सुजून बंद झालते, बोटं फोडायनं भरली होती. बाप साऱ्यायसमोर गुरुजीले म्हने, "माह्या पोराले तेल पुसाले लावलं तुमी. काहून?" गुरुजी म्हनाले, मी असं म्हनलोच नाही. पन सदाशिव खोटं बोलत नाही, हे साऱ्या गावाले माहीत. मंग खोटं कोन बोलते? मी गर्दीत पुढंच उभा होतो. मले कोनी इचारलं नाही. इचारलं असतं तं सांगतलं असतं का? नाही.

बाग बंद झाली. गुरुजीची बदली मुकुटबनले झाली. त्यायची पेटी बसपर्यंत न्याले मीच गेलतो — का गेलो, तुमी समजा. रस्त्यात ते सदाशिवच्या घरी थांबले. त्याचे डोळे उघडलते, हाताची सालं निघून राह्यली होती. गुरुजी त्याच्यापुढं खाली बसले.

"खरं सांग बाप्पा. मी म्हनलो होतो?"

"हो गुरुजी. तुमचाच आवाज होता."

गुरुजी लई वेळ त्याच्या हाताकडं पाहत राह्यले. मंग म्हनाले, "म्हनलो असीन. माह्या ध्यानात नाही राह्यलं. माफ कर मले."

मी दारात उभा, डोक्यावर त्यायची पेटी. तवा मले काय वाटलं सांगू? लाज नाही वाटली. ती मागून आली, लई मागून. तवा वाटलं — जमलं. खुद्द गुरुजीले बी वाटलं, आपूनच बोललो असीन. आन् मी तिथं उभ्या उभ्या खुश झालो.