मार्जनं पेरलेलं नाणं

क्लेम गॅरडला आमच्या गावात सगळे ‘बटणवाला’ म्हणायचे. मी नाही म्हटलं कधी, कारण त्याची बायको मार्ज माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि माझी शेजारीण. तिच्या नवऱ्याला नावं ठेवायचा हक्क तिचा, फार तर माझा. पबमध्ये बसून ढोसणाऱ्या त्या क्लबवाल्यांना कुणी दिला?

क्लब म्हणजे जमिनीतला धातू शोधायचं मशीन घेऊन रविवारी शेतं तुडवणाऱ्यांचा. इंग्लंडातल्या आमच्या या सफोक परगण्यात या वेडाला तोटा नाही. कापणी झाली की हे निघालेच, कानाला हेडफोन, कमरेला खुरपं, आणि मशीन इकडून तिकडे, तिकडून इकडे. महिन्यातून एकदा पबच्या मागच्या खोलीत टेबलावर आपापली कमाई मांडायची. कुणाचं रोमन नाणं, कुणाची चांदीची पेनी. आणि क्लेमची बटणं. पितळी, शिशाची, फुटकी, हरतऱ्हेची बटणं!

“क्लेम, आता एक कोट तेवढा शोध, म्हणजे सगळी लावून टाकू,” असं क्लबातला तो रॉडनी दर महिन्याला म्हणायचा. क्लेम सगळ्यांबरोबर हसायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात चर खणण्यात गेलेला माणूस, रिटायर झाला आणि मजा म्हणून पुन्हा खणायला लागला. त्याला एकच हवं होतं, जुन्या राजांच्या काळातलं, हातोड्यानं ठोकून पाडलेलं चांदीचं नाणं. एक. दुसरं मिळालं तर ते रॉडनीला देईन म्हणायचा, इतका साधा.

मार्ज त्याची भरपूर चेष्टा करायची. “आलास? आज कुणाच्या चड्डीचं बटण?” पण घासून पुसून बरणीत तीच ठेवायची.

मग त्या उन्हाळ्यात तिच्या पोटातलं दुखणं कळलं. स्वादुपिंडाचं. डॉक्टर नीट डोळ्यांत बघून बोलेना, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. क्लेमनं मशीन माळ्यावर टाकलं आणि तिच्या उशाशी ठिय्या दिला. सूप करायला शिकला. भयंकर करायचा. ती बिचारी गिळायची.

सप्टेंबरात एक दिवस ती मला म्हणाली, “थेल्मा, मला शहरात, बेरीला घेऊन चल. त्या जुन्या नाण्यांच्या दुकानात.”

“तुला? कशाला गं?”

“चल म्हटलं ना. आणि याच्याजवळ तोंड उघडलंस तर बघ.”

तिनं जुन्या एडवर्ड राजाची, ठोकून पाडलेली चांदीची एक पेनी घेतली. नखाएवढी, कागदासारखी पातळ. गाडीत बसल्यावर तळहातावर ठेवून बघत बसली आणि म्हणाली, “क्लेम मशीन फिरवतो ना, त्या ऑल्डसच्या शेतात पुरणार आहे. त्याला सापडू दे. त्या वेळचं त्याचं तोंड मला एकदा बघायचंय. मी गेल्यावर सापडून माझ्या काय कामाचं?”

मी म्हटलं, हे क्लबच्या नियमात बसत नाही, विकतची नाणी शेतात पुरून ठेवत नाहीत. तर म्हणते, “मग क्लबनं मला काढून टाकावं.” तिथूनच परस्पर ऑल्डसच्या शेतावर गेलो. मला तिनं फाटकाशीच बसवलं, म्हणाली हे माझं काम आहे. काठी टेकत, थांबत थांबत, नांगरलेल्या ढेकळांतून गेली. हातात बागेतली बी टोबायची टोकदार काठी. परत आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते, पण अशी खूश, काय सांगू!

दुसऱ्या दिवसापासून तिनं क्लेमच्या मागे टुमणं लावलं. जा रे शेतावर, मला जरा एकटीला निजू दे, थेल्मा आहे. तो जायचा, नाराजीनं. जाईल तिथून नेमकं बटण घेऊन यायचा. शेवटी तिनं उघडच सांगितलं, त्या वाळलेल्या ओकपाशी बघ, तळ्याच्या अंगाला. तो गेला. आला. “काही नाही गं तिथं. दोनदा फिरवलं मशीन. चिडीचूप.”

मार्जनं माझ्याकडे बघितलं. मला तर कळेचना. चोरलं कुणी? कावळ्यानं नेलं?

कोडं रॉडनीनं सोडवलं, ते त्यालाही ठाऊक नाही. पबमध्ये मी सहज विचारल्यासारखं केलं, नाणं जमिनीत असून मशीन गप्प राहतं का हो? “राहतं की,” तो म्हणाला. “पातळ नाणं आडवं असलं तर मशीन ओरडतं. उभं असलं, कडेवर, तर त्याला ते दिसतच नाही. आम्ही किती नाण्यांवरून असेच गेलो असू, देव जाणे.”

मी तडक तिच्याकडे. क्लेम खाली कोळसा आणत होता. “मार्ज, कसं लावलंस गं ते?”

“कसं म्हणजे? घेवडा लावतात तसं. काठीनं भोक पाडलं, उभं सोडलं, माती दाबली.”

“उभं?”

“मग काय, झोपवून लावतात का घेवडा?”

रॉडनी म्हणाला ते मी तिला सांगितलं. आधी ती हसली, पोट धरून हसली, आणि मग तसंच्या तसं हसणं रडण्यावर गेलं. आयुष्यभर बाग केली बाईनं, हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

मी गेले ते आडवं करायला. ओक सापडला, तळं सापडलं, आणि मध्ये मातीच माती, सगळी सारखी. गुडघे टेकून उकरत होते तर ऑल्डस ट्रॅक्टर घेऊन हजर. “थेल्मा, माझ्या शेतात बटाटे नाहीत.” मी म्हटलं, कानातलं पडलंय. “मग लवकर शोध बाई. उद्या सकाळी गहू पेरतोय. पेरलं की फाटक बंद, कापणीपर्यंत कुणाचा पाय नको.”

कापणीपर्यंत! इथे मार्जला पुढचा रविवार दिसेल की नाही याची खात्री नव्हती. तिच्याकडे आले ती रडतच.

माझं तोंड बघूनच मार्ज समजली. तिनं क्लेमला हाक मारली. “आज जा. ओकच्या बुंध्याला पाठ लावून उभा राहा, तळ्याकडे तोंड कर, आणि तिथून पुढे हातानं उकर. हातानं.”

“अगं, तिथं काही नाहीये. मशीन खोटं बोलत नाही.”

“त्या डबड्यावर विश्वास आहे आणि माझ्यावर नाही? इतक्या वर्षांत काही मागितलं तुझ्याकडे? हे एवढं कर.”

“तुला असं सोडून कुठं जाऊ मी?” तो खुर्चीवरून हलेना. “मला नाही जायचं, मार्ज.”

“जा रे राजा,” ती म्हणाली. “लवकर ये.”

तो गेला. दुपार होती. मी तिचे ओठ ओले करत बसले. ती डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. अधूनमधून विचारायची, “आला का?” मी म्हणायचे, येईल. चहा केला तो तसाच गार झाला. उन्हं भिंतीवर चढली आणि तिचा श्वास बदलला. मी नर्सला फोन केला, नर्स निघाली म्हणाली. मार्जनं पुन्हा विचारलं, “आला का गं?” मी खिडकीपाशी जाऊन आले. रस्ता रिकामा. “आलाच,” मी म्हटलं. तिनं माझा हात धरला. मग तो हात नुसताच माझ्या हातात राहिला.

मी तिचे डोळे मिटवते न मिटवते तोच खाली गाडी थांबली. दार धाडकन उघडलं आणि हा जिन्यावरून ओरडत वर, “मार्ज! अगं सापडलं! चांदीचं! राजा आहे गं त्याच्यावर, राजा! मार्ज, कोण म्हणेल बटणवाला आता!” दारात येऊन उभा राहिला, हात पुढे, तोंडभर हसू. माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. ते हसू लगेच गेलंसुद्धा नाही त्याच्या तोंडावरून. मला ते बघवलं नाही.

नर्स आली, डॉक्टर आला, सगळे गेले. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. पेनी टेबलावर होती. मला वाटलं, आता सांगायलाच हवं, नाहीतर हा जन्मभर स्वतःला शिव्या देईल की एका नाण्यापायी बायकोला सोडून गेलो.

“क्लेम, ते नाणं...”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “उकरलं तर उभं होतं, घेवड्यासारखं. आणि अक्षरांत मुरलेल्या मातीचा कण नाही. आपल्या जमिनीतून असं लख्ख काही निघतं का? हातात आल्या आल्या कळलं मला, ही मार्ज.”

“मग तो आरडाओरडा?”

“ती माझं तोंड बघायला थांबली असणार ना. मला कळलंय हे तिला कळलं असतं तर हिरमुसली असती. म्हणून येताना सगळ्या रस्त्यानं सराव केला. मला कुठं जमतंय गं नाटक? पुलापाशी गाडी उभी केली. आरशात बघून पुन्हा पुन्हा केलं, खरं वाटेपर्यंत.” त्यानं पेनी बोटानं थोडी पुढे सरकवली. “थेल्मा, मी आलो तेव्हा तिला जाऊन किती वेळ झाला होता?”

पूल आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे.

“बराच,” मी म्हटलं. “तू गेलास आणि मागोमाग तिला झोप लागली. झोपेतच गेली. पुलावर थांबला नसतास तरी भेटली नसती.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यानं मान हलवली आणि मग रडायला लागला. पुढेही त्यानं मला अनेकदा विचारलं, आणि मी दर वेळी हेच सांगितलं. उद्या विचारलं तरी हेच सांगेन. ती “आला का गं” विचारत होती, हे त्याला कशाला कळायला हवं?