ओरिन स्कारची पाच पौंडांची बंदूक

ओरिन स्कारने आयुष्यात हट्टाने दोनच गोष्टी केल्या. हॅलर्ड गावच्या शाळेच्या बसगाड्या त्याने चौतीस वर्षं चालत्या ठेवल्या, आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांची चालायची मुळीच इच्छा नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे दर वसंतात डोंगरी मेंढ्याच्या शिकारीच्या सोडतीत त्याने न चुकता नाव घातलं.

मोंटाना राज्यात हरणाचा परवाना मागेल त्याला मिळतो. मोठ्या शिंगांच्या डोंगरी मेंढ्याचा मिळत नाही. अर्ज हजारोंनी येतात आणि एकेका डोंगराला चार-दोन परवाने निघतात. माणसं अर्ज करता करता म्हातारी होतात, आणि परवाना आला तर तो आयुष्यात एकदाच येतो असं धरून चालतात. ओरिनने एकतीस वर्षं अर्ज केला. त्याचा शेजारी आणि शिकारीतला जोडीदार गॉर्डी प्रुस म्हणायचा, ओरिनचा नंबर लागेल तेव्हा मेंढ्यालाच दया येऊन खाली उतरावं लागेल.

बत्तिसाव्या वर्षी नंबर लागला. ओरिन तेव्हा सदुसष्टाचा होता. कागद हातात घेऊन तो गॅरेजात गेला आणि अर्ध्या तासाने लाल डोळ्यांनी बाहेर आला. पेट्रोलचा वास चढला, असं त्याने बायकोला सांगितलं. व्हर्नाने मान डोलावली. गॅरेजात त्या दिवशी पेट्रोलचा थेंब नव्हता.

आनंद आठवडाभर टिकला. मग ओरिनने हिशेब मांडला. मेंढे राहतात केटल रिजच्या माथ्यावर, जिथे झाडंसुद्धा यायला कंटाळतात. ओरिनचा डावा गुडघा धातूचा होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. त्याची जुनी बंदूक लाकडाची आणि पोलादाची, दुर्बिणीसकट साडेनऊ पौंडांची. व्हर्ना पीठ मोजायची त्या काट्यावर त्याने ती आडवी ठेवली, तर काट्याने हात टेकले. ओरिनने न्हाणीघरातला काटा आणला.

तिथून त्याला वजनाचं वेड लागलं. त्याने दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापला. सदऱ्यांच्या मानेवरची लेबलं उसवली. नकाशाच्या, आपण जाणार नाही त्या बाजू कात्रीने उडवल्या. एका सकाळी तो दोन चमचे काट्यावर ठेवून कोणता हलका ते पाहत बसला होता.

"हे वीस पौंड कुणाचे?" व्हर्नाने त्याच्या पोटावर बोट ठेवून विचारलं. "हे उतरवायला काही पैसे पडत नाहीत."

ओरिन म्हणाला, ते वजन ओळखीचं आहे, त्याचा त्रास होत नाही.

शेवटी गाडी बंदुकीवर आली. दरीच्या टोकाला नादीन व्हॉस नावाची एक बाई हलक्या बंदुका हाताने बनवते. कार्बनचा दस्ता, कार्बन गुंडाळलेली नळी, आतलं यंत्र टायटॅनियमचं. वजन पाच पौंड, वर दुर्बिणीचं काय ते. किंमत आठ हजार डॉलर.

हा आकडा डॉटीच्या कॅफेत पोचला आणि तीन आठवडे गावाला दुसरा विषय उरला नाही. एक पक्ष म्हणे, आयुष्यात एकदा मिळणारी गोष्ट, तिथे पैसा बघायचा नसतो. दुसरा पक्ष गॉर्डीचा. गॉर्डीची स्वतःची बंदूक गहाणवटीच्या दुकानातून आणलेली, दस्ता मधोमध तडकलेला आणि चिकटपट्टीने बांधलेला. तिने आजवर पस्तीस हरणं पाडली होती, आणि गॉर्डीच्या मते त्यातल्या एकानेही मरताना चिकटपट्टीबद्दल तक्रार केली नव्हती.

"चार पौंड कमी करायला आठ हजार?" तो ओरिनला म्हणाला. "लेका, तुझा रोजचा दालचिनीचा रोल मला देत जा. ऑगस्टपर्यंत चार पौंड जातील, आणि मीही सुखी होईन."

ओरिनने रोल संपवला आणि होडी विकायला काढली.

होडी लाकडाची, नदीत मासे पकडायची. ओरिन गळ टाकायचा आणि व्हर्ना वल्ही मारायची, गेली सत्तावीस वर्षं. हॅलर्डमध्ये एवढ्या ताकदीने वल्हवणारी दुसरी बाई नव्हती आणि तिला त्याचा अभिमान होता. ओरिनने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वीक. नदी कुठे जातेय?" गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी तिने होडी आतून ओल्या फडक्याने पुसून काढली, बसायच्या फळीखालचे कोपरेसुद्धा. ओरिनने खिडकीतून पाहिलं आणि तो बाहेर गेला नाही.

नादीन व्हॉस कमी बोलणारी बाई. ऑगस्टमध्ये तिने बंदूक त्याच्या हातात दिली तेव्हा ओरिनला हसूच आलं. बंदूक उघडून कुणी आतलं सगळं काढून घेतलं की काय असं वाटावं, इतकी हलकी.

"मिस्टर स्कार, एक सांगते, ते ऐका," नादीन म्हणाली. "मेंढा दिसेपर्यंत ही तुमच्या बाजूची आहे. दिसला की ती तुमच्या विरुद्ध. जड बंदूक तुमची थरथर पोटात घालते. ही प्रत्येक ठोका नळीच्या टोकाला दाखवते. म्हणून टेकडी चढा, दम लागू द्या, मग जमिनीवर बसा आणि मारा. दोनशे काडतुसं. टेबलावरून एकसुद्धा नको."

ओरिनने मनापासून हो म्हटलं. मग तो घरी आला आणि त्याने टेबलावरून बंदूक चालवली.

त्याला दोष द्यावा तर अख्ख्या हॅलर्डला द्यावा लागेल. तिथे नवी बंदूक घेतली की गावाबाहेरच्या चांदमारीवर जायचं, टेबलाशी खुर्ची ओढायची, वाळूच्या पिशव्यांवर नळी टेकवायची आणि शंभर यार्डांवरच्या कागदाला तीन भोकं पाडायची अशी रीत आहे. भोकं जवळजवळ पडली की बंदूक चांगली आणि माणूसही चांगला. तो कागद घेऊन कॅफेत यायचं. ही भोकं पाडताना तू कशावर टेकला होतास, असं तिथे आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही.

ओरिनची तीन भोकं एका नाण्याखाली झाकली जात होती. डॉटीने कागद काउंटरमागच्या भिंतीवर लावला. गॉर्डीने तो बराच वेळ पाहिला आणि कबूल केलं की बंदूक मारते. ओरिन टेकडीवर एकदा गेलासुद्धा. पण हलक्या बंदुकीचा धक्का गाढवाच्या लाथेसारखा असतो. नऊ काडतुसांत खांदा जांभळा झाला, आणि रात्री व्हर्नाने त्यावर गोठलेल्या मटारांची पिशवी ठेवली. खांदा शिकारीसाठी राखून ठेवायला हवा, असं ठरलं. बंदुकीचा नेम तर जुळलेलाच होता. कागद भिंतीवर होता.

सप्टेंबरच्या शेवटी दोघं केटल रिजवर चढले. गॉर्डीने पाठीवर ओझं बांधायचा रिकामा पिंजरा घेतला होता. ज्याला परवाना लागतो त्याच्याबरोबर मित्राने मांस वाहायला रिकामी पाठ घेऊन जायचं असतं. त्याबद्दल मोबदला विचारायचा नसतो, फक्त वाटभर कुरकुर करायची असते. गॉर्डीने ती मन लावून केली. आणि बंदुकीने आपलं काम चोख केलं, हे सांगायला हवं. ओरिन ज्या घळीतून वर गेला तिथून जुनी बंदूक घेऊन तो गेलाच नसता. तो दर वीस पावलांवर थांबे, धापा टाके, आणि खांद्यावरच्या त्या नसल्यासारख्या वजनाला थोपटून पुढे निघे. तिसऱ्या संध्याकाळी गॉर्डी म्हणाला, "मान्य. सहा हजारांची आहे." गॉर्डीकडून एवढी स्तुती त्याच्या सख्ख्या मुलीलाही मिळाली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी मेंढा दिसला. एकटा, जुना, शिंगांचा वेढा पूर्ण झालेला, टोकं झिजून बोथट झालेली. तो माथ्याकडे चालला होता आणि पलीकडे उतरला की संपलं. ओरिनला आडव्या कड्यापर्यंत पोचायला हवं होतं. तो धातूच्या गुडघ्याने पळाला. सदुसष्ट वर्षांचा माणूस दहा हजार फुटांवर ज्याला पळणं म्हणेल तसा, पण पळाला.

पोचला तेव्हा उतार इतका उभा होता की आडवं पडायला जागा नव्हती. तो बसला, कोपरं गुडघ्यांवर टेकली आणि दुर्बिणीत पाहिलं. मेंढा अडीचशे यार्डांवर आडवा उभा होता, मागे वळून पाहत होता. पण दुर्बिणीतली फुली त्याच्यावर ठरेना. छातीतला प्रत्येक ठोका नळीच्या टोकाला जात होता. फुली खांद्यावर, पाठीवर, आभाळावर, पुन्हा खांद्यावर. श्वास धरला तर ठोके वाढले. जुन्या बंदुकीत हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. ती सगळं पोटात घालत होती, हे त्याला तेव्हा कळलं. मेंढ्याने तोंड फिरवलं, पाय उचलला आणि ओरिनने चाप ओढला.

गोळी खांद्याच्या मागे, पोटात लागली. मेंढा कमरेत वाकला, कुबड काढल्यासारखा दोन पावलं चालला आणि माथ्यापलीकडे उतरला.

माथ्यावर एका दगडावर पोटातलं हिरवट काहीतरी आणि रक्ताचे चार थेंब होते. पुढे कडा, कड्याखाली घसरड्या दगडांचा डोंगर आणि त्याखाली धुकं.

दोघांनी तो दिवस शोधलं, दुसरा दिवस शोधलं. गॉर्डी अडुसष्टाचा, तो कड्याच्या कडेने पोटावर सरपटत गेला आणि एक शब्द कुरकुरला नाही. ओरिनला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी बर्फ सुरू झालं आणि तासाभरात दगड, थेंब, वाट सगळं सारखं झालं.

तंबूत बसल्यावर ओरिनने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला परवाना काढला. जनावर मारलं की त्यावरचा महिना आणि तारीख चाकूने कापून काढायची, म्हणजे तो वापरला गेला असं होतं. न सापडलेल्या जनावरासाठी तो कापा असं कायदा म्हणत नाही. हंगाम अजून सात आठवडे होता. डोंगरावर इतर मेंढे होते.

"चाकू ठेव," गॉर्डी म्हणाला. "खाली जाऊ, चार दिवस झोपू, आणि तुझी जुनी तोफ घेऊन परत येऊ. ती मी वाहीन."

ओरिनने चाकू ठेवला नाही.

"कुणी पाहिलेलं नाही, ओरिन. मी सोडून. आणि मला मोतीबिंदू आहे, डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे."

ओरिनला हसू आलं आणि ते अर्ध्यावर मोडलं. हॅलर्डच्या चर्चच्या तळघरात दर उन्हाळ्यात तो बारा वर्षांच्या मुलांना शिकारीचे नियम शिकवायचा. बावीस उन्हाळे. पुस्तकातले नियम संपले की तो पुस्तक मिटून एक स्वतःचा सांगायचा. रक्त काढलंत आणि जनावर सापडलं नाही, तर ते तुमचंच; परवाना कापायचा आणि घरी जायचं. दर वर्षी एखादं पोर विचारी, कुणी बघत नसेल तरी? आणि ओरिन म्हणे, तेव्हा तर नक्की. हॅलर्डमधली निम्मी तरुण माणसं ते ऐकून मोठी झाली होती.

"तो आता कुठेतरी पडलाय, गॉर्डी," तो म्हणाला. "मरायला दोन दिवस लागले असतील त्याला. मी दुसरा कुठून मारू?"

"बत्तीस वर्षं, गड्या."

"हो."

त्याने गुडघ्यावर परवाना ठेवला आणि सप्टेंबर कापला, मग तारीख कापली. बोटं गारठली होती, म्हणून कापणं वेडंवाकडं झालं. गॉर्डी तंबूच्या दाराकडे तोंड करून बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला.

उतरताना गॉर्डीच्या पाठीवरचा पिंजरा रिकामाच होता. वाटेत दोघांचं बोलणं एवढंच झालं की ओरिनने विचारलं, बंदुकीत काही खोट होती असं तुला वाटतं का. गॉर्डीने विचार केला आणि म्हणाला, नाही. ओरिन म्हणाला, मलाही नाही वाटत, मी धरली तिथेच तिने मारलं. नादीनला तेवढं सांगून यायला हवं, तिच्याबद्दल कॅफेत भलतंसलतं बोलतील.

घरी पोचला तेव्हा व्हर्ना दुकानात गेली होती. ओरिनने जॅकेट आणि खिशातल्या वस्तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या आणि तो अंघोळीला गेला. गरम पाण्याखाली तो खूप वेळ उभा राहिला. व्हर्नाला काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, त्याची त्याने जुळवाजुळव केली, दोनदा.

बाहेर आला तेव्हा ती टेबलाशी उभी होती. हातात परवाना होता, महिना कापलेला, तारीख कापलेली. तिचा चेहरा असा फुलला होता की ओरिनला ती वल्ही मारतानाची दिसली, प्रवाहाच्या विरुद्ध, दात दाखवत.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू नेम धरलास की झालं, मी सगळ्यांना सांगत होते. लेकीला फोन केला आत्ताच, ती रडायलाच लागली. डॉटीलाही केला. किती मोठा होता? आणि शिंगं कुठे ठेवलीस, गॉर्डीच्या गाडीत?"

टॉवेल धरून ओरिन दारात उभा राहिला.

"बस जरा, व्हर्ना," तो म्हणाला.

ती बसली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाच्या वेड्यावाकड्या कापांकडे पाहिलं. तळघरातल्या त्या पोरांना सरबत आणि बिस्किटं बावीस उन्हाळे तिनेच दिली होती, आणि पुस्तक मिटल्यावरचा तो नियम दर वेळी ऐकला होता. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने परवाना टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला, आणि लेकीला परत फोन लावायला ती बाहेरच्या खोलीत गेली, म्हणजे ओरिनला ते बोलणं ऐकावं लागू नये.