नाना आणि आबांचं लॉगिन

सगळं ऑफिस खुशीत असलं की नानांचा चेहरा सुतकी व्हायचा. सावद्याच्या आमच्या केळीच्या फर्ममध्ये सर्वरवर नवी आवृत्ती चढली, पडदा नीट उघडला, की मालक दादा पेढे मागवायचे. सर्वर सांभाळणारे नाना मात्र पेढा बशीत ठेवून खुर्चीला चिकटून बसायचे. "बठ्ठं जागावर शे का, ते आधी दखू दे," एवढंच म्हणायचे, म्हणजे सगळं जागेवर आहे का ते आधी बघू दे. मूळचे धुळ्याकडचे, सावद्यात उभी हयात गेली तरी बोली सोडली नव्हती. त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा मला हा माणूस चक्क अपशकुनी वाटला होता.

त्यांचं म्हणणं साधं होतं. सर्वरमध्ये केळीच्या मालाची माहिती असते, तशी त्याची स्वतःचीही काही टेबलं, म्हणजे याद्या, असतात: कोणाला आत घ्यायचं, कोणाला काय करू द्यायचं. आवृत्ती बदलली तरी ही टेबलं जुन्याच वळणाची राहू शकतात. ती वेगळी अद्ययावत करावी लागतात. "घर नवं बांधं, पन राखनदारले कोनी सांगं का?" असं विचारत नाना ते काम उरकायचे आणि मग एकेकाला हाक मारून समोर लॉगिन करून दाखवायला लावायचे. गोदामाच्या मुकादमाचीही यातून सुटका नसे. तो बिचारा प्रत्येक वेळी पासवर्ड विसरायचा आणि बोलणी खायचा.

हाक न मारता तपासायचं नाव एकच, आबांचं. आबा म्हणजे दादांचे वडील, फर्म उभी करणारे. ते वारले, पण त्यांचं लॉगिन दादांनी काढू दिलं नाही. रोज सकाळी फोटोला हार घालायचा आणि आबांच्या लॉगिनने मंजुरी देऊन केळीची पहिली गाडी सोडायची, असा त्यांचा नेमच होता. पुढे सगळ्याच गाड्या त्या नावाने सुटू लागल्या, कारण ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. माल कोवळा गेला, गाडी भलत्याच व्यापाऱ्याकडे पोचली, तरी मंजुरी आबांची. शेतकरी जाब विचारायला आला की आम्ही सगळे फोटोकडे बघायचो. नाना मनातून धुमसत, पण त्यांना कामाला लावलं होतं आबांनीच, आणि दोघांची दोस्ती जिवाभावाची. ते तोंड उघडतील असं कोणालाच वाटलं नव्हतं.

मग सर्वरची एक मोठी आवृत्ती आली. नानांनी टेबलं अद्ययावत केली, सगळ्यांची लॉगिनं चालली, आबांचं चालेना. त्यांचा पासवर्ड फार जुन्या पद्धतीने साठवलेला होता आणि नव्या आवृत्तीला ती पद्धत मान्य नव्हती. दादांचा चेहरा पांढराफटक पडला. आबा आत येत नाहीयेत, असं ते दोनदा पुटपुटले. बाहेर गाड्या भरून उभ्या होत्या. नवा पासवर्ड द्यायला कितीसा वेळ लागतो, म्हणून मी नानांकडे पाहिलं, तर ते हाताची घडी घालून बसलेले.

"मी नही देवाव, दादा," ते शांतपणे म्हणाले. "आबा गयात. आते चूक व्हयनी ते कोले इचारानं? तुना नाववर सोड गाडी."

माझा पेढा हातातच राहिला. ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घरच्या धन्याला, भर ऑफिसात, चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा म्हणून सुनवायचं, हे असं! मुकादम मान खाली घालून बाहेर निघून गेला.

"नाना, उद्यापासून येऊ नका," दादा म्हणाले.

मी पार हादरले. नाना मात्र हलले नाहीत. काम अजून बाकी आहे म्हणाले. मला माझं लॉगिन उघडायला लावलं, त्यावरून दादांच्या नावाला मंजुरीचा हक्क जोडला आणि उठून दादांना खुर्ची दिली. दादा बसले आणि डोळे पुसत पुसत त्यांनी पहिली गाडी स्वतःच्या नावाने सोडली. नाना संध्याकाळच्या एसटीने धुळ्याला गेले.

पुढे दादा स्वतः त्यांना आणायला गेले होते. नानांनी पोटभर जेवू घातलं, पण आले नाहीत. यंदा उन्हाळ्यात ते गेल्याचा फोन आला. दादा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नानांचं नाव काढ. त्यांना राहिलेलं आवडायचं नाही."

मी टेबल उघडलं. नाव तिथे नव्हतंच. मी तर ते काढलं नव्हतं, आणि माझ्याशिवाय ते काढू शकणारे एकटे नानाच होते. शेवटचं काम त्यांनी माझ्या लॉगिनवरून का केलं, ते मला तेव्हा कळलं. दादांना नाही म्हणण्याआधीच ते स्वतःचं नाव काढून बसले होते.

मी दादांना तसं सांगितलं. दादांनी पुढे वाकून ती यादी वरपासून खालपर्यंत स्वतः वाचली.