नाव आधी घरी

निवृत्तीनंतरची माझी पोस्टिंग म्हणजे बीडमधल्या घराची पुढची खोली. टेबलावर लॅपटॉप, मागे नकाशा, कॉलरला माइक. आठ वर्षं मी इथून टीव्ही चॅनेलवर संरक्षण आणि परराष्ट्र धोरणावर बोललो. पडद्यावर नावाखाली 'संरक्षणतज्ज्ञ' यायचं. स्टँडवर रिक्षावाले विचारायचे, साहेब, लढाई कवा हाय? मी म्हणायचो, तुला सुट्टी मिळाली की.

करारांची कलमं सांगायला लागलो की निवेदक ब्रेक घ्यायचा. तरी मी जात राहिलो. सरहद्द न पाहिलेल्यांनी सरहद्दीवरून ओरडावं आणि मी घरात गप्प बसावं, हे मला मान्य नव्हतं.

एका जानेवारीत सकाळी सीमेवर आपल्या गस्तीवर हल्ला झाला. चर्चा दुपारी चारला होती. १५४० वाजता प्रोड्यूसरचा मेसेज आला. त्यात शहीद जवानाचं नाव होतं, गाव चकलांबा. जिल्ह्याचे म्हणून नाव तुम्हीच जाहीर करा, अशी सूचना होती. घरच्यांना कळवलंय का, असं मी विचारलं. बघतो, पण दुसऱ्या चॅनेलच्या आधी गेलं पाहिजे, असं उत्तर आलं.

सैन्यात नाव आधी घरी जातं. वर्दीतला माणूस ते घेऊन जातो. हा नियम मी एकदा मोडला आहे. कॅप्टन होतो, पोस्ट उंचावरची. माझा रेडिओ ऑपरेटर माझ्या शेजारीच पडला. सेट मी उचलला.

"वन केआयए. ओव्हर." म्हणजे एक जवान कामी आला.

"नंबर बताओ. ओव्हर."

नंबर सांगायचा असतो. मी नाव सांगितलं. खालच्या पोस्टवर त्याच्या गावचा एक जवान सेटवर होता. त्याने ऐकलं आणि आपल्या घरी फोन केला. ऑपरेटरच्या बायकोला ते पिठाच्या गिरणीत, रांगेत उभी असताना कळलं. महिन्याभराने मी भेटायला गेलो. ती इतकंच म्हणाली, "समद्या गावाला ठाऊक होतं, साहेब. मलाच न्हवतं." ते वाक्य मी अजून पचवलेलं नाही.

मी शिरूर कासारचा. ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीत वाढलो. जानेवारीत आमच्याकडच्या किती घरांना कुलूप असतं, हे मला कुणी सांगायला नको. चकलांब्याच्या सरपंचांना फोन लावला. माझा अंदाज खरा निघाला. जवानाचे आईवडील दिवाळीपासून तोडीला गेलेले, कारखाना दूर पश्चिमेकडे. निरोप घेऊन जाणारा माणूस कुलपाशी उभा राहिला असता, आणि तोवर फडातल्या प्रत्येक मोबाइलवर फोटो फिरला असता. सैनिक कार्यालयाला मी नवा पत्ता कळवला. मग सरपंचांकडून नंबर घेऊन टोळीच्या मुकादमाला फोन केला.

"मुकादम, टोळीतले समदे मोबाइल आत्ताच्या आत्ता गोळा करा."

"कावून, साहेब?"

"इचारू नका. वर्दीतला मानूस येईस्तोवर कुनालाच देऊ नका."

"कुनाचं पोरगं हाय?"

"इचारू नका म्हनलं ना."

१६०० ला मी कॅमेऱ्यासमोर बसलो. मी बसलो नसतो तर दुसऱ्या कुणी नाव वाचलं असतं. सातव्या मिनिटाला निवेदक गळा काढून म्हणाला, कर्नल, बीडच्या त्या सुपुत्राचं नाव आपणच सांगा.

"सांगणार नाही," मी म्हणालो. "तुम्हीही सांगायचं नाही. त्याची आई या घटकेला उसाची मोळी बांधते आहे. तिला तुमच्या ब्रेकिंग न्यूजमधून कळणार असेल, तर हिंमत करा आणि माझ्या तोंडावर नाव घ्या."

जनतेला जाणून घ्यायचा हक्क आहे, असं तो म्हणाला. तो हक्क रांगेत आईच्या मागे उभा राहील, असं मी सांगितलं. त्यांनी माझी लाइन तोडली. पण त्या संध्याकाळी नाव घ्यायला निवेदक धजला नाही. १८२० वाजता जवळच्या लष्करी ठाण्याचा अधिकारी फडात पोचला.

चॅनेलचा फोन पुन्हा आला नाही. मी नेमका असाच परत वागेन, हे त्यांनी ओळखलं असावं. आता फक्त वर्तमानपत्रात लिहितो.

अंत्यसंस्कारानंतर दहाव्या दिवशी मी चकलांब्याला गेलो. आई ओट्यावर बसली होती. म्हणाली, "मोबाइल काढून घेतले तवा मी लई भांडले मुकादमाशी. म्हनलं, सांजच्याला माझ्या पोराचा फोन येतो, दे इकडं." मग म्हणाली, "मानसानं समोर बसून सांगितलं. बरं केलं तुमी."

त्या ऑपरेटरचं आणि या जवानाचं, दोघांचीही नावं मी इथवर लिहिली नाहीत. काल दोन्ही घरी जाऊन विचारून आलो. गिरणीत उभी होती तिने आधी चहा दिला, मग म्हणाली, लिहा. आता लिहितो.

नाईक मिलिंद साळवे. शिपाई अंकुश खेडकर.