शपथ वाचणारा माणूस

उधन्याच्या कापड-वसाहतीत एका कारखान्याच्या दारात पर्यावरणाच्या शपथेचा फलक लावला होता. सगळे भराभर सही करून सरबताकडे वळत होते. रात्रपाळी संपवून आलेला एक खानदेशी यंत्रमाग कामगार मात्र चष्मा लावून, ओळीवर बोट फिरवत वाचत राहिला.

"काका, नुसती सही करा ना," फलकाजवळची मुलगी म्हणाली.

"शपथ आहे ना ताई? मंग वाचू द्या. गाडी कमी वापरीन. गाडी नाही. एसी कमी लावीन. एसी नाही. खोटं कसं बोलू?"

शेवटी त्याने स्वतःच एक ओळ लिहिली: 'दुपारी एक तास पंखा बंद ठेवीन.'

"पत्र्याच्या खोलीत? मग झोपणार कसे?" मी सरबताचा पेला घेऊन जवळ येत विचारलं.

"धरतीला ताप आलाय, असं लिहिलंय. घरात कोणाला ताप आला तर एक जण जागतोच ना, भाऊ?"

त्याने सावकाश सही केली. वरचीच सही माझी होती. माझ्या घरी दोन एसी आहेत, आणि शपथ मी वाचलीही नव्हती.