टॅग मिळाला, जागा मिळेना

एकदा मी गणपतीला नवस बोलले होते, की यंदा ह्यांना हरणाचा टॅग लागू दे, वर्षभर प्रत्येक चतुर्थी अळणी करीन. हसू नका! मी शाकाहारी बाई. देवघराच्या आसपास अंड्याचा वाससुद्धा खपवून घेत नाही. पण इथे ॲरिझोनात हरणाच्या शिकारीचा परवाना, म्हणजे टॅग, सरकारी लॉटरीत नंबर लागला तरच मिळतो. व्हिसाची लॉटरी झाली, ग्रीन कार्डाची रांग झाली, आता ही. निकालाच्या दिवशी ह्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना.

गणपतीने ऐकलं. टॅग लागला, आणि पुढेही मधूनमधून लागत गेला. पण मागताना मी टॅग तेवढा मागितला, जागा मागायची राहून गेली!

टॅग म्हणजे काय, तर एका अफाट सरकारी रानात शिरायची परवानगी. तिथे तुम्ही, आणि टॅग लागलेले बाकीचे सगळे. बसायची जागा ज्याची त्याने शोधायची.

ह्यांना खरं तर हरणाचंही एवढं नव्हतं. चँडलरला काँप्युटर-चिपच्या कारखान्यात डेस्कच्या चारी बाजूंनी माणसं, घरी आले की हेडफोनमधून माणसं. "एकदा तरी, मी निवडलेल्या जागी, उजाडताना एकटा बसेन गं," एवढंच म्हणायचे. त्या एका सकाळीपायी इतके किस्से साठलेत, की आमच्या हळदीकुंकवाला बायका म्हणतात, "वाण राहू दे, आधी हरिण सांग!"

०००

पहिल्या वर्षी ह्यांनी उन्हाळाभर फोनवर नकाशे बघून एक डोंगर निवडला. जेवताना डोंगर, आरतीच्या वेळी खिशात डोंगर. "तिथे कुत्रंसुद्धा येत नाही," म्हणाले.

पहाटे अंधारात कच्च्या रस्त्याने धक्के खात आम्ही टोकाला पोहोचलो. मी आणि आमची लेक ईशा नेहमी बरोबर असतो, तंबू आणि स्वयंपाक आमच्याकडे. बघतो तर ट्रकच ट्रक! गणेशोत्सवात मंदिराच्या पार्किंगमध्ये नसतील एवढे. ह्यांनी हेडलाइट लावून मागे-पुढे केलं, कुठेतरी फट मिळेल म्हणून.

एका ट्रकची काच खाली झाली. आतला गृहस्थ कॉफी पीत शांतपणे म्हणाला, "तुम्हीसुद्धा तोच नकाशा डाउनलोड केलात वाटतं!"

०००

ऑफिसातल्या जुन्या शिकाऱ्यांनी मग ह्यांना एक रीत शिकवली. जागेवर कोणी आधीच बसलेला दिसला, तर लांबूनच हात करायचा आणि मुकाट मागे फिरायचं. बोलायचं नाही.

त्या खेपेला ह्यांच्याबरोबर विलासभावजी होते, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. हे आणि ते पुण्याहून एकाच विमानाने आलेले, एकाच अपार्टमेंटमध्ये गाद्या टाकून राहिलेले. सख्ख्या भावासारखे. भावजींना समोरच्या टेकडीवर एक माणूस दिसला. त्याने हात केला. आता कोणी हात केला, तर आपण काय करतो? भेटायला जातो! भावजी झुडपं तुडवत, घाम पुसत तिथवर चढले. "हाय! कुठले तुम्ही? मिळालं का काही?"

तो दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला, "आत्तापर्यंत इथे एक हरिण होतं. आता तुम्ही आहात."

०००

एकदा एका झाडाखाली ह्यांना मोकळी जागा सापडली. पण तिथे एक घडीची खुर्ची होती, साखळीने खोडाला बांधलेली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायच्या देशातली आपण माणसं. कोणी धरलेल्या जागेवर हे कसे बसणार?

हे लांब एका दगडामागे बसून राहिले. त्या दिवशी खुर्चीवर कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हरिण मात्र येऊन त्या खुर्चीशी पाठ घासून गेलं. दगडामागून नेम लागण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी कँपवरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, खुर्ची कोणाची. तो म्हणाला, "बिलची. कधीच टेक्सासला राहायला गेला तो."

"मग तिथे कोणी बसत का नाही?"

"छे! बिलची जागा आहे ती."

०००

हा पुढचा हसत सांगायचा प्रयत्न करते, पण जमत नाही.

इथे रायफलच्या शिकारीला नारिंगी जॅकेटची सक्ती नाही, पण माझी आहे. गर्दीत कोणाची गोळी कुठे जाईल, सांगता येत नाही. तर हे नारिंगी जॅकेट, खांद्याला रायफल, असे टेकडीच्या माथ्यावर बसलेले. एक माणूस आला आणि फार प्रेमाने म्हणाला, "हायकिंगची वाट त्या बाजूला आहे, सर."

ह्यांनी टॅग दाखवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला. "अरे वा! गुड फॉर यू," म्हणाला, ह्यांच्या पाठीवर थोपटलं, आणि चार पावलं पुढे जाऊन ह्यांच्या बरोब्बर समोर बसला.

हे उठून खाली आले. ईशा चिडली. "बाबा, यू वेअर देअर फर्स्ट! त्याला सांगायचं ना!"

हे बुटांतले खडे काढत म्हणाले, "कोण फर्स्ट होतं, हे इथे कोणाला विचारायचं, बाळा?"

०००

आणि हा भावजींचा. पुढे ह्यांना खरोखरच निवांत खोरं सापडलं. दोन सुट्ट्या तिथे पायी हिंडून, माग काढून, हे कोणाला म्हणजे कोणाला बोलले नाहीत. फक्त भावजींना सांगितलं. भावजींनी गळ्याची शपथ घेतली. त्यांनीही फक्त मेव्हण्याला सांगितलं. मेव्हण्याने फक्त क्रिकेटच्या ग्रुपवर टाकलं, लोकेशनच्या पिनसकट.

पहिल्याच सकाळी खोऱ्यात अर्धं महाराष्ट्र मंडळ! एकाने स्पीकर आणलेला. वरून हाक आली, "वहिनी, चहा आहे का?"

ह्यांनी भावजींना बाजूला घेतलं. "विलास, तुला एकट्याला सांगितलं होतं रे."

"यार, जंगल काय तुझ्या नावावर आहे का? एवढं काय मनाला लावून घ्यायचं!"

हे तंबू गुंडाळून निघाले. त्या वर्षी टॅग भावजींनाही लागला होता, आणि तिथे हरिण त्यांनाच मिळालं. संध्याकाळी फोटो आला, शिंगं धरून हसताना. खाली लिहिलं होतं, 'माझी सीक्रेट जागा.'

त्या दिवाळीत आमच्याकडून त्यांना फराळ गेला नाही. त्यांच्या बायकोकडून, मेधाकडूनही आला नाही. मी करंज्या डब्यात भरून ठेवल्या होत्या, कोणी यायचं झालं तर म्हणून. पाडव्यापर्यंत मऊ पडल्या.

०००

आता यंदाचा सांगते आणि थांबते.

यंदा शिकारीचे दिवस नेमके दिवाळीत आले. लक्ष्मीपूजन आम्ही तंबूतच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी मला वर नेऊन एक जागा दाखवली. गुरांसाठी अडवलेलं पाण्याचं तळं, काठावर एकच झाड. "उद्या इथे," म्हणाले. "कोणी आलं नाही तर."

आपण कुठेही बसण्याआधी त्या जागेच्या देवाला विचारतो. पूजेतला झेंडूचा हार मी बरोबर घेतला होता. तो फांदीला घातला, खाली बॅटरीवरची पणती ठेवली, रानात विस्तव नको म्हणून. हात जोडले, "बाबा रे, एक सकाळ ह्यांना बसू दे." उरलेल्या फुलांचं तोरण तंबूच्या दाराला लावलं.

पहाटे हे चालत वर गेले. जरा उजाडतंय तोच तंबूसमोर एक ट्रक थांबला, मागे आणखी दोन. पांढऱ्या मिशांचा एक माणूस उतरला. तोरणाकडे बघत त्याने टोपी काढली.

"मॅडम, वर तळ्यापाशी फुलं तुम्हीच ठेवलीत का?"

मला वाटलं, आता दंड. "हो," म्हटलं.

"काल संध्याकाळी बघितली आम्ही. माझी आजी मेक्सिकोची. गेलेल्या माणसांसाठी याच दिवसांत ती हीच फुलं ठेवायची, आणि दिवा." त्याने मागच्या ट्रककडे हात केला. "आम्ही दरवर्षी तिथेच बसतो. आत्ताही तिकडेच निघालो होतो, पण म्हटलं, आधी विचारावं. तुमचे कोण होते? नवरा?"

पाठीमागची दोन्ही इंजिनं चालूच होती. वर डोंगराच्या कडेवर ऊन नुकतं टेकलं होतं.

माझा हात मंगळसूत्राकडे गेला. आजवर एक हरतालिका चुकवलेली नाही मी, एक वटपौर्णिमा नाही.

मी मान हलवली.

"सॉरी फॉर युअर लॉस, मॅडम." मागच्या ट्रकमधल्यांनीही टोप्या काढल्या. "आज तिथे कोणी पाऊल टाकणार नाही. बाकीच्यांनाही सांगतो मी." तिन्ही ट्रक हळूहळू वळले आणि आल्या वाटेने उतरून गेले.

ईशा स्लीपिंग बॅगमधून अर्धी बाहेर येऊन माझ्याकडे बघत होती. "आई! यू जस्ट किल्ड बाबा!"

"हळू बोल," मी म्हटलं. "ते एकटे बसलेत."

तर बायांनो, तुमच्याही घरी कोणी असा एका सकाळीपुरती जागा शोधत हिंडत असेल, तर तुम्हीही झेंडूचा एक हार तिथे नेऊन ठेवा. आणि कोणी टोपी काढून विचारलं, तर मान हलवा.