रणपिसे आणि रविवारचा चहा

रणपिसे गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि तेही नेमकं रविवारी. चर्च सुटून बराच वेळ झाला होता आणि मी चहाचं आधण ठेवून त्यांची वाट बघत होतो. फोन वाजला तेव्हा वाटलं, यांची स्कूटर पुन्हा बंद पडलेली दिसते. पण पलीकडे त्यांची मुलगी आशा होती, बंगळूरहून. "काका, पप्पा गेले... पहाटे झोपेतच. शेजाऱ्यांनी कळवलं. मी निघतेय." मी नुसतं "बरं" म्हणालो. अशा वेळी माणसं दुसरं काय बोलतात, मला अजून कळलेलं नाही. गॅस बंद केला, पण ते दोघांचं आधण ओतून द्यायला हात धजेना. संध्याकाळपर्यंत ते तसंच पडून होतं.

योसेफ रणपिसे आणि मी खडकीच्या फॅक्टरीत एकाच सेक्शनला होतो. एकमेकांना आडनावाने हाक मारायची आणि अहो-जाहो करायचं, हे शेवटपर्यंत टिकलं. ते नेमाने चर्चला जाणारे, मी देवळाच्याही वाटेला न जाणारा. "दामले, तुमच्यासाठीही प्रार्थना करतो," असं ते म्हणाले की मी सांगायचो, "करा, पण वरच्याला माझं आडनाव नीट सांगा, नाहीतर फळ दुसऱ्या दामल्याला मिळायचं." ते हसत. शास्त्रावरून त्यांनी माझ्याशी कधी वाद घातला नाही. एकदा मीच खोदून खोदून विचारलं, तुमच्या त्या बायबलातल्या वचनांचा रोजच्या जगण्यात उपयोग काय? तर शांतपणे म्हणाले, "आजाऱ्याला भेटायला जा, असं त्यात सांगितलंय. जाऊन या, मग बोलू." मी काही गेलो नाही, त्यामुळे ते बोलणंही राहिलं.

ते मात्र जात. दर रविवारी उपासना संपली की थेट इस्पितळात. वॉर्डात भेटायला येणाऱ्याला बसायला काही नसतं, म्हणून त्यांनी कॅनव्हासचं एक घडीचं स्टूल घेतलं होतं. ते स्कूटरला मागे बांधलेलं असे. तिथे जाऊन उपदेश वगैरे काही नाही, खाटेशेजारी स्टूल मांडायचं आणि बसायचं. त्यांच्या या बसण्याची एक गोष्ट फॅक्टरीत गाजली होती. त्यांच्या चर्चच्या मंडळीचे एक पंच, साळवे, आजारी असल्याचं पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. रणपिसे इस्पितळात गेले, साळवे कुठे म्हणून विचारलं आणि दाखवलेल्या खाटेशी जाऊन बसले. पंचांना त्यांनी आजवर लांबूनच, कोटात पाहिलेलं. पाय प्लास्टरमध्ये असलेला हा दाढी वाढलेला माणूस त्यांना पंचच वाटला. त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली, पुढच्या रविवारी पुन्हा गेले. तिकडे खरे साळवे वरच्या मजल्यावरच्या खोलीत 'रणपिसे अजून फिरकले नाहीत' म्हणून रुसून बसलेले. हे दुसरे साळवे होते बुलढाण्याकडचे, हिंजवडीला एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर रखवालदार. घोटाळा उघड झाल्यावर रणपिशांनी त्याला विचारलं, "अहो, तुम्ही बोलला का नाहीत?" तो म्हणाला, "मले वाटलं, कंपनीनं पाठवलं तुमाले. अन् दुसरं कोनी येतच नव्हतं ना." पंचांची माफी मागून रणपिसे पुढच्या रविवारी परत खालीच गेले. म्हणाले, "वरच्या साळव्यांना अख्खी मंडळी आहे."

त्याच सुमाराला गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. त्यातूनच माझा मुलगा अमेरिकेला गेला आणि त्यांची आशा बंगळूरला. त्यांची पत्नी आधीच गेली होती. मग माझीही गेली. त्यानंतरच्या रविवारी बेल वाजली, दारात रणपिसे. "चहा टाका," एवढंच म्हणाले. तेव्हापासून इस्पितळातून ते माझ्याकडे येऊ लागले. चहा मीच करायचो आणि ते नावं ठेवायचे. "दामले, हा चहा आहे की काढा? साखर घालायला विसरलात." मी म्हणायचो, "फुकटचा आहे, प्या." माझ्या आठवड्यात माणसाचा आवाज असा तेवढाच.

दफनाच्या दिवशी खडकीच्या दफनभूमीत मी कडेला उभा होतो. फार माणसं आली होती, निम्मी तरी चर्चमधली नसावीत. एक बाई दुसरीला सांगत होती, "आमच्याकडे यायचे ना, रविवारचे. हे गेल्यापासून." ते ऐकलं आणि मी मनात हिशेब मांडला. रविवारचेच. ही गेल्यापासूनच. मी आपला स्वतःला मित्र समजत होतो, निघालो दुखणेकऱ्यांच्या रांगेतला एक... खरं सांगतो, त्या दिवशी माती देताना मला दुःखापेक्षा अपमानच जास्त वाटला. पुढचे रविवार फार वाईट गेले. मित्र गेला म्हणून रडावं, तर तो मित्र होता की नाही हेच ठरेना.

काही आठवड्यांनी आशा घर आवरायला आली. मदतीला म्हणून गेलो, आणि न राहवून विचारलंच, "काय गं, तुझ्या वडिलांच्या रविवारच्या फेरीत माझा नंबर कितवा?"

तिने आवरणं थांबवलं. "काका, फेरीत पप्पा कुणाकडे पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. दुःखातल्या माणसाला पाहुणचार करायला लावू नये, म्हणायचे. तुमच्याकडचा चहा मात्र..." तिला हसू आलं, मग डोळे भरले. "दर रविवारी मला फोनवर सांगायचे, आज कसा बिघडवला ते. आई गेल्यावर त्यांना घरी जाववायचं नाही. फेरी संपली तरी कुठेतरी फिरत राहायचे. मग तुमच्याकडे यायला लागले."

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. म्हणजे दुखणेकऱ्याच्या भेटीला म्हणून ते माझ्याकडे येतच नव्हते. एकटे तेही होते, आणि मला ते कधी दिसलं नाही. निघताना आशाने ते स्टूल माझ्या हातात दिलं. "तुम्हीच ठेवा," म्हणाली.

गेल्या रविवारी ते घेऊन इस्पितळात गेलो. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा होता, जवळ कोणी नव्हतं. स्टूल मांडलं आणि बसलो. प्रार्थना मला येत नाही, म्हणून बसूनच राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "चहा सांगू का तुम्हाला?" मी नको म्हणालो.

घरी आलो, स्टूल दाराशी उभं केलं आणि सवयीने दोघांचं आधण ठेवलं. साखर आठवणीने घातली. जाऊन या, मग बोलू, म्हणाले होते रणपिसे. मी जाऊन आलो होतो, आणि आता मला खूप बोलायचं होतं.